मिस ओफीलिया राहिली

माझ्या नवऱ्याचे कान एका दिवसात गेले नाहीत. थोडे कागदाच्या कारखान्याने नेले, थोडे त्याने तरुणपणी स्वतःच्या हौसेने घालवले, आणि उरलेसुरले गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात एका तापाने नेले. ताप उतरला त्या सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, अंडी उकडू की परतू. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग उलथनं हातात घेऊनच खोलीत गेले, तर मर्फी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी आपले कान चाचपत होता, बाजारात माणूस पाकीट चाचपतो तसा.

हौसेचं सांगते. आम्ही ओपलूससचे, लुइझियानातले. मर्फी लेडे विशीत होता तेव्हा त्याच्याकडे एक जुनी ब्युइक होती आणि तिच्या डिकीत त्याने एवढे मोठे स्पीकर बसवले होते की जास्तीचं चाक मागच्या सीटवर ठेवावं लागे. तो मला भेटायला यायचा तेव्हा गाडी वळणावर दिसायच्या आधी आमच्या कपाटातल्या बश्या वाजायला लागत. माझे वडील अकॉर्डियन वाजवणारे. शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये लोक त्यांच्यासाठी खुर्ची सोडत. ते म्हणायचे, "व्हर्ना, तुझा भूकंप आला बघ." मर्फी लावायचा ती गाणी त्यांच्या लेखी गाणी नव्हतीच. ताशाच्या तालावर कुणीतरी घरमालकाशी भांडतंय, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही.

तो भांडणारा माणूस म्हणजे डीकन टेट. ह्यूस्टनचा रॅपर. डीकन म्हणजे चर्चमधला मानाचा सेवेकरी. हा कुठल्याच चर्चचा नव्हता, पण आवाज तसा होता. जड, संथ, पायरीवर पाय टेकवावा तसा एकेक शब्द टेकवणारा. उत्तरेकडचे रॅपर त्या काळी गाडी सुटायची असल्यासारखे बोलत. आमचा हा दक्षिणेतला माणूस अख्खी दुपार हाताशी असल्यासारखा बोलायचा. त्याची सगळीच गाणी मला आवडत होती असं नाही. काहींमध्ये अशा शिव्या होत्या की मी काच वर करायला लावायचे. पण एक गाणं होतं, 'हळू चालव' नावाचं. गल्लीतून गाडी हळू चालव, ओट्यांवर म्हातारी माणसं बसली आहेत, एकेकाचं नाव घे, मान लवव आणि मगच पुढे जा, एवढंच त्यात होतं. मर्फी ते लावून खरोखरच आमच्या गल्लीतून गाडी हळू चालवायचा आणि माझ्या आजीला हात करायचा. त्या उन्हाळ्यात मी त्याला हो म्हटलं. गाण्यामुळे म्हटलं असं मी कधी कबूल केलेलं नाही, पण नाही म्हणायला गाण्याने अवघड करून ठेवलं होतं.

तर कान गेले. साधी यंत्रं लावून बघितली, उपयोग झाला नाही. शेवटी ह्यूस्टनला ऑपरेशन झालं. कानामागे हाडात काहीतरी बसवतात, आत एक बारीक तार सोडतात, आणि बाहेरून केसांत कोटाच्या बटणाएवढी चकती लोहचुंबकाने चिकटते. चकती लावली की ऐकू येतं, काढली की काही नाही. आमची मुलगी ब्रिएल ह्यूस्टनलाच राहते, तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिनेच सगळं जमवून आणलं. आम्हाला वाटलं होतं, चष्मा लागला की दिसतं तसं यंत्र लागलं की ऐकू येईल. तसं नसतं. सुरुवातीला मी बोलले की मर्फीला वाटे, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय. त्याने हे ब्रिएलसमोर सांगितलं. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना रांगेत उभं केलेली बाई. आवाजावरच माझं चाललेलं. ब्रिएल हसू दाबत होती. मग मीच आधी हसले.

हळूहळू बोलणं कळू लागलं. ते यंत्र जुळवून द्यायला मिस ओकाफोर नावाची मुलगी होती, नायजेरियातून आलेली, मर्फीच्या निम्म्या वयाची. ती त्याला दर वाक्याला "सर" म्हणायची आणि सर म्हणत म्हणत त्याचं काही चालू द्यायची नाही. तिने एकदा विचारलं, तरुणपणी तुम्ही काय ऐकायचात? ओळखीचं संगीत रोज थोडं ऐका, मेंदूला वाट सापडते. मी शेजारीच बसले होते. मर्फीने छाती पुढे काढून सांगितलं, "चर्चची भजनं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना.

झालं. पुढचे कितीतरी महिने तो रोज सकाळी भजनं ऐकत बसला, आजारी माणूस काढा पितो तसा. सूर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. ऑर्गन म्हणजे पिठाची गिरणी आणि बायकांचं कोरस म्हणजे कुंपणावरची मांजरं. मी चर्चमध्ये पुढच्या रांगेत गाते. एका रविवारी मी गाताना त्याचा हात सावकाश डोक्याकडे गेला, चकती निघाली आणि शर्टाच्या खिशात गेली. मी त्याला दोष दिला नाही. पण गाणं पुरं करताना मला फार एकटं वाटलं.

मग ती सवयच लागली. जेवणाच्या टेबलावर चार माणसं एकदम बोलायला लागली की चकती खिशात. टीव्ही लागला की खिशात. माणूस समोर बसलेला, आणि घरात नाही.

मला कळत नव्हतं ते एवढंच, की हा डीकन टेट का लावून बघत नाही. त्याचं उत्तर मला पुष्कळ नंतर मिळालं. यंत्र लागलं त्या पहिल्याच आठवड्यात तो अंगणात ट्रकमध्ये जाऊन बसला होता आणि जुनी सीडी लावली होती. मी खिडकीतून बघितलं होतं, पण काय लावलंय ते मला कळलं नव्हतं. वाळू ऐकू आली, म्हणाला. नुसती वाळू. त्याने ती बंद केली आणि सगळ्या सीड्यांचं खोकं बहिणीच्या मुलाला देऊन टाकलं. नंतर बोलणं कळायला लागलं तरी त्याने पुन्हा ते गाणं लावलं नाही. "भजन मला नाही कळलं तरी चालतं," तो म्हणाला, "देवाला कळतं. पण हे पुन्हा लावलं आणि पुन्हा वाळूच निघाली असती तर?"

या जूनमध्ये यंत्र तपासायला पुन्हा ह्यूस्टनला बोलावलं होतं. आम्ही आदल्या शनिवारीच गेलो, कारण ते जूनटीन्थचे दिवस होते. टेक्ससमध्ये आम्हा काळ्या लोकांची गुलामी सुटल्याची बातमी आली तो दिवस. ब्रिएल तेव्हा सुट्टी घेते आणि लाल मखमली केक करते. रात्री जेवताना ती म्हणाली की उद्या दुपारी थर्ड वॉर्डमध्ये, म्हणजे आमच्या लोकांच्या जुन्या वस्तीत, बागेत कार्यक्रम आहे आणि शेवटी डीकन टेट येणार आहे. तिने ते मर्फीच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं सांगितलं. मर्फी म्हणाला, ऊन फार आहे. ती म्हणाली, मंडप आहे. तो म्हणाला, गुडघे. ती म्हणाली, खुर्च्या आहेत. तेव्हा तो म्हणाला, एक म्हातारा तोंड उघडतोय आणि मिटतोय, हे बघायला मी तिथे कशाला येऊ, मासा बघायचा तर घरी तळं आहे. आणि चकती खिशात टाकली. म्हणजे चर्चा संपली.

मी कागदावर वगैरे काही लिहिलं नाही. त्याची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली आणि सावकाश म्हटलं, "तू नको ऐकूस. मी ऐकते. तू माझी छत्री धर."

तो छत्री धरायला आला.

बागेत सगळं ह्यूस्टन लोटलं होतं. टर्की भाजल्याचा धूर, लाल सरबताचे पिंप, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, रस्त्याच्या कडेला साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारख्या चमकणाऱ्या जुन्या गाड्या, चाकांच्या तारा शोभेसाठी हातभर बाहेर काढलेल्या. मर्फी एका ब्युइकपाशी थांबला आणि वाकून तिच्या डिकीत बघत राहिला. मालक काहीतरी सांगत होता. मर्फी मान हलवत होता, पण त्याला काही ऐकू येत नसणार. एवढ्या गर्दीत त्या यंत्राचं काही चालत नाही.

स्टेजच्या अगदी पुढे म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. तिथे मिस लर्लीन नावाची एक बाई खुर्ची भरून पसरून बसली होती, हातात अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाने जाहिरातीसाठी फुकट वाटलेला पंखा. आम्ही उभे दिसताच तिने शेजारच्या दोन खुर्च्यांवरच्या पिशव्या उचलल्या. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, आम्ही मागे बसलो तरी चालेल, ज्यांना ऐकायचंय त्यांना पुढे बसू द्या. ती म्हणाली, "बाई, इथे कुणाचे कान गेलेत, कुणाचे दात, माझा तर एक नवराही गेलाय. सगळे पुढेच बसतात. बसा." आणि मांडीवरच्या डब्यातून आम्हाला एकेक गोड बिस्किट दिलं.

ढोलवाली मुलं येऊन गेली. एक गायकवृंद येऊन गेला. मर्फीने पहिल्या पाच मिनिटांतच चकती खिशात टाकली होती आणि इमानेइतबारे छत्री धरून बसला होता. ब्रिएल मागे मैत्रिणींबरोबर उभी होती; ती अधूनमधून माझ्याकडे बघायची आणि मी खांदे उडवायचे.

मग डीकन टेट आला. जुन्या पोस्टरवरचा तरणाबांड माणूस माझ्या डोक्यात होता. आला तो पांढऱ्या दाढीचा, मानेवर टॉवेल, हातात काठी, स्टेजवर चढायच्या उतारावरून एका मुलीच्या खांद्याचा आधार घेत. मधोमध ठेवलेल्या उंच स्टुलावर बसला आणि काठी दोन गुडघ्यांत धरली. लोक उभे राहिले. तो म्हणाला, डॉक्टरांनी मला उभं राहायला मनाई केली आहे, बोलायला नाही केली, ती त्यांची चूक. लोक हसले. मर्फीने माझ्याकडे बघितलं, कशाला हसले म्हणून. मी त्याला सांगितलं नाही. मला तेव्हा थोडा राग आला होता. मी ठरवलं, हवं असेल तर लाव आपली चकती.

पहिलं गाणं सुरू झालं. ते ढोलाचे ठोके जमिनीतून खुर्चीच्या पायांत आणि तिथून आपल्या पाठीच्या कण्यात येतात. बहिऱ्यालाही ते कळतात, त्यात नवल नाही. मर्फीचं बोट गुडघ्यावर हलत होतं. मी स्वतःला समजावलं की ते खुर्चीमुळे आहे. पण त्याचे डोळे लोकांच्या तोंडांवर होते. आमच्या दोन्ही बाजूंना, मागे, सगळीकडे माणसं एकच शब्द एकाच वेळी बोलत होती. मिस लर्लीनसुद्धा, पंखा हलवत, आणि ते शब्द तिच्या वयाला अजिबात शोभणारे नव्हते. सगळ्यांच्या जेवणात आपणच उपाशी, असा त्याचा चेहरा झाला.

त्याचा हात खिशाकडे गेला. मी लगेच दुसरीकडे, त्या सरबताच्या पिंपांकडे बघू लागले. मी बघतेय असं कळलं असतं तर त्याने हात मागे घेतला असता.

चकती लागली. मी कडेने बघितलं. कपाळाला आठ्या. डोळे मिटलेले. पुढचं गाणं गेलं, त्याच्या पुढचंही अर्धं गेलं, आठ्या तशाच. मला वाटलं, वाळूच आहे. आपण कशाला आणलं याला इथे.

मग 'हळू चालव' सुरू झालं. डीकनला आता दम कमी पडत होता, पण त्या गाण्याला दम लागत नाही, धीर लागतो. मागे फक्त एक ढोल, दुसरं काही नाही. तो बोलू लागला आणि मी पुन्हा ब्युइकमध्ये जाऊन बसले. काय सांगू, तो आवाज म्हातारा झाल्यामुळे जास्त बरा झाला होता. तरुणपणी तो त्या गल्लीतून गाडी चालवत होता. आता तो स्वतः ओट्यावर बसला होता.

दुसऱ्या कडव्यात गल्लीतली माणसं येतात. पाइप ओढणारे मिस्टर क्लोव्हिस. मांडीवर शेंगा सोलत बसलेली मिस टेनी. डॉमिनो खेळता खेळता भांडणारे दोघे भाऊ. आणि शेवटी मिस ओफीलिया, जिच्या अंगणात अंजिराचं झाड आहे आणि जी गाडीच्या खिडकीतून अंजिरांची पिशवी आत टाकल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देत नाही. मग ढोल थांबतो, क्षणभर काही नाही, आणि धृपद येतं. डीकनने भावांचं नाव घेतलं आणि सरळ थांबला. एक माणूस त्याच्या तोंडातून निसटला होता. लोकांनी काही दाखवलं नाही. कुणी पुटपुटलं, कुणी टाळी वाजवली. आपला माणूस म्हातारा झालाय, सांभाळून घ्यायचं.

आणि ढोल थांबला होता तेवढ्यात माझा नवरा, बहिऱ्या माणसांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही तेवढ्या आवाजात, म्हणाला, "मिस ओफीलिया राहिली."

मी त्याची बाही ओढली. मागची माणसं बघायला लागली. मिस लर्लीन पंखा थांबवून म्हणाली, "राहिली की खरंच."

डीकनने हात वर केला. ढोल सुरू होणार होता तो झाला नाही. त्याने विचारलं, कोण म्हणालं? मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. मिस लर्लीनने पंख्याने थेट मर्फीच्या डोक्याकडे बोट दाखवलं. डीकन स्टुलावरून उतरला, त्या आधाराच्या मुलीने त्याला धरलं, आणि तो काठी टेकत स्टेजच्या कडेला आला.

"भाऊ, कुठले तुम्ही?"

मर्फी उभा राहिला. छत्री केव्हाच खाली पडली होती. "ओपलूसस," तो म्हणाला.

डीकन माइकमध्ये म्हणाला, "बघा. आता लुइझियानातून माणूस येणार आणि मला माझीच गल्ली शिकवणार." बाग हसली. मग तो हसायचा थांबला आणि ढोलवाल्याकडे वळून म्हणाला, मागे घे, अगदी पहिल्या ओट्यापासून, कुणाला न भेटता मी जाणार नाही.

त्याने ते कडवं पुन्हा म्हटलं. तिथेच, कडेला उभं राहून, मर्फीकडे बघत. आणि मर्फी खाली उभा राहून, डोळे मिटून, त्याच्याबरोबर म्हणत होता. मिस्टर क्लोव्हिस. मिस टेनी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. शब्द आधी नाही, नंतर नाही, ठोक्यावर पडत होता. डीकनने मिस ओफीलियापाशी येताना मुद्दाम थोडं थांबून घेतलं, थट्टेने, आणि मर्फीही थांबला. तेव्हा मला पटलं. जमीन हादरते त्यावरून ताल कळतो, पण कोण कुठे थांबलं ते जमीन सांगत नाही. त्याला ऐकू येत होतं.

मिस ओफीलियाचं नाव अख्ख्या बागेने घेतलं. मी घेतलं नाही. मी नुसती मर्फीकडे बघत होते. ब्रिएल मागून धावत आली आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मर्फी माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "व्हर्ना, शब्द आहेत. सगळे आहेत." जणू मीच कुठेतरी ठेवून विसरले होते.

कार्यक्रम संपल्यावर तीच मुलगी, डीकनची नात निघाली ती, आम्हाला शोधत आली. स्टेजमागच्या तंबूत डीकन एका बर्फाच्या पेटीवर पाय ठेवून बसला होता आणि कलिंगड खात होता. त्याने मर्फीला शेजारी बसवलं. मर्फीने चकती काढून तळहातावर ठेवून दाखवली, पुन्हा लावली, आणि कारखाना, ताप, ऑपरेशन, भजनं, सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं. डीकनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कसा ऐकू येतो? खरं सांग."

"सूर सगळा गेलाय," मर्फी म्हणाला. "पण तुझ्या गाण्यात सूर होता कधी?"

डीकन इतका हसला की नातीने त्याच्या हातातलं कलिंगड काढून घेतलं आणि पाठ चोळली. त्याची आजीही अगदी हेच म्हणायची, असं त्याने डोळे पुसत सांगितलं. मग मर्फीने जे म्हणायला तो आला होता ते म्हटलं. साधंच म्हणाला, की मला वाटलं होतं सगळं गेलं, आणि आज एवढं परत मिळालं, त्याबद्दल आभार.

डीकनने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला की मिस ओफीलिया खरी होती. त्याच्या आजीच्या घरासमोर राहायची. तिला मूलबाळ नाही, तिचं घर पाडून तिथे आता तीन मजली घरं झाली आहेत, अंजिराच्या झाडाचं खोडही उरलेलं नाही. "मी शाळेतून उपाशी यायचो तेव्हा तिने मला खाऊ घातलंय," तो म्हणाला. "तिचं नाव जगात आता त्या एका ओळीत आहे, आणि आज मी तिच्या दारावरून तसाच पुढे गेलो. तू मला परत वळवलंस. तेव्हा आभाराचं तू बोलूच नकोस."

मर्फी म्हणाला, बोलणारच. डीकन म्हणाला, मग आपण दोघंही बोलू, वेळ आहे. मला राहवलं नाही. मीही आभार मानले आणि सांगून टाकलं की माझे वडील तुमच्या गाण्यांना घरमालकाशी भांडण म्हणायचे. त्याने विचारलं, वडील आहेत? मी म्हटलं, नाहीत. तो म्हणाला, "त्यांचं बरोबर होतं. पहिली टेप मी घरभाडं थकल्यावरच केली होती." आणि निघताना त्याने मला उरलेलं अर्धं कलिंगड दिलं, कागदात गुंडाळून, नको म्हणता येईना अशा तऱ्हेने.

दुसऱ्या दिवशी मिस ओकाफोरला मर्फीने सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरोबरच आहे, हे यंत्र मुळात बोलणं पोचवायला बनवलंय. ठोक्यावर टाकलेला स्वच्छ शब्द त्याला सगळ्यात सोपा, सूर सगळ्यात अवघड. मग तिने चष्म्यावरून बघत विचारलं, "पण सर, हे आधी का नाही ऐकलंत? भजनं कशाला ऐकत बसलात?" मर्फीने गुपचूप माझ्याकडे बोट दाखवलं. मिस ओकाफोरने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढ्या कडक बाईपुढे बिचारा काय करणार. मी ते सहन केलं. त्या दिवशी मी काहीही सहन केलं असतं.

सगळं काही नीट झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांच्या जुन्या टेपवरचं अकॉर्डियन त्याला अजून पत्रा कापल्यासारखंच लागतं, आणि ते कधी सुधारेल की नाही हे मिस ओकाफोरलाही सांगता येत नाही. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण मी चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभी असते तेव्हा ती टेप नाही, ती बागेतली दुपार आठवते, आणि मोकळ्या मनाने गाते.

ओपलूससला परतल्यावर त्या शनिवारी मर्फी उठला, ट्रकच्या किल्ल्या घेतल्या आणि केस कापायला जातो म्हणाला. ताप आल्यापासून त्याचे केस मीच घरी कापत होते. न्हाव्याच्या दुकानात दहा माणसं एकाच वेळी बोलतात, म्हणून तो तिकडे फिरकत नव्हता. दुपारचं जेवण निवलं, पुन्हा गरम केलं, पुन्हा निवलं. तो आला तेव्हा डोक्यावरचा एक केस कमी झालेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, खुर्ची रिकामी नव्हती.

दोन दिवसांनी किराणा दुकानात मला न्हावी भेटला, मिस्टर आर्सेनो. म्हणाला, खुर्ची सकाळपासून रिकामी होती, मिस व्हर्ना, आम्ही त्याला चारदा म्हटलं बस म्हणून. पण तो उभा राहून सांगत होता, आणि आम्हीही त्याला मध्ये थांबवलं नाही. मग त्याने हळूच विचारलं, तो रॅपर स्टेजवरून उडी मारून खाली आला आणि त्याने मर्फीला मिठी मारली, हे खरं का.

मी म्हटलं, अगदी खरं.